पडेगावची वाट आणि देवगिरीची चढण

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर इतकी रुळली आहे की, जवळचे डोंगरही साजरे असू शकतील हा विचार त्याच्या मनात सहसा येत नाही. सुटी जवळ आली की घरोघर महाबळेश्वर, सिमला, उटकमंड ही नावे ऐकू येऊ लागतात. प्रवासाचे बेत होतात, खर्चाचे आकडे मांडले जातात. आणि घरापासून दोनचार कोसांवर उभा असलेला डोंगर खिडकीतून दिसतो तेवढाच ओळखीचा राहतो. या उदासीनतेचे उदाहरण शोधावयास फार लांब जावयास नको. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस असलेल्या पडेगावचा रस्ता डोळ्यांपुढे आणला म्हणजे पुरे.

छावणी मागे टाकून वेरूळकडे जाऊ लागले की पडेगाव लागते. एके काळी हे वेशीबाहेरचे खेडे होते. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर झाले आहे. पडेगावनंतर मिटमिटा, मग शरणापूर, मग दौलताबादचा म्हणजे जुन्या देवगिरीचा किल्ला. किल्ल्यापासून घाट चढून गेल्यावर खुलदाबाद, आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगास उतरले की वेरूळ. पडेगावपासून किल्ला अदमासे पाच मैल आणि शहरापासून खुलदाबाद सुमारे पंधरा मैल. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल, एवढाच हा सारा मुलूख आहे.

या चिमुकल्या पट्ट्यातून गेली सातशे वर्षे माणसे चालत आली आहेत. कोणी बादशहाच्या हुकमाने आले, कोणी गुरूच्या शोधात आले, कोणी लढावयास आले, तर कोणी केवळ डोंगर आणि लेणी पाहावीत म्हणून आले. वाट तीच, ऊन तेच, चढही तोच. असे असता त्याच वाटेने एकाच्या डोळ्यांतून पाणी काढावे आणि दुसऱ्याला आयुष्यभर पुरेल एवढा आनंद द्यावा, याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर या रस्त्याच्या इतिहासातच सापडते.

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा काळा कातळ बनला. पाण्यावाऱ्याने झिजून या थरांचे सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांसारखे दिसणारे डोंगर तयार झाले. कातळ टणक, परंतु छिन्नीला वश होणारा. म्हणूनच वेरूळच्या कारागिरांना आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी डोंगर वरून खाली खोदीत नेऊन त्यातून कैलास मंदिर बाहेर काढता आले. आणि म्हणूनच देवगिरीकरांना एक सुटी टेकडी चहूकडून तासून तिचे दुर्गम दुर्गात रूपांतर करता आले. एकाच दगडाने एका ठिकाणी देवाचे घर दिले आणि सातआठ मैलांवर राजाला आश्रय दिला.

देवगिरी ही यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी केली. टेकडी आसपासच्या मैदानापासून सुमारे ६०० फूट उंच. तिचा खालचा भाग सुमारे दीडशे फुटांपर्यंत असा उभा तासला आहे की, त्यावर घोरपडीलाही पाय रोवता येऊ नये. पायथ्याशी कातळातच खोदलेला खोल खंदक. बाहेरून येणाऱ्याला अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे तट एकामागून एक ओलांडावे लागतात. हत्ती हौद आणि इ.स. १४४५ च्या सुमारास बहामनी राजवटीत उभारलेला चाँदमिनार मागे पडला की खंदक, आणि खंदकापलीकडे अंधारी. ही अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वर चढत जाणारा भुयारी मार्ग. वळणे अशी की भर दुपारीही हाताला हात दिसू नये. पायऱ्या अशा विषम की चालणाऱ्याचा ताल कधी जमू नये. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटविण्याची सोय होती. त्यामुळे धूर आणि धग यांनी आत शिरलेला शत्रू गुदमरून जावा अशी योजना. या साऱ्या रचनेमागे एकच हेतू होता: वर येऊ पाहणाऱ्याचे पाऊल मागे फिरावे.

आता गंमत अशी की, आज मुलाबाळांसह येणाऱ्या मंडळींना या किल्ल्यात सर्वांत अधिक आवडते ती हीच अंधारी. महालांचे पडके अवशेष पाहून मुले कंटाळतात. परंतु अंधारीत शिरताच त्यांच्या अंगात उत्साह संचारतो. एकमेकांचा हात धरावयाचा, भिंत चाचपीत पुढे सरकावयाचे, वटवाघळांची फडफड ऐकून दचकावयाचे, आणि शेवटी उजेडाचा कवडसा दिसला की आनंदाने ओरडावयाचे. ज्या अडचणी शत्रूसाठी मांडल्या, त्याच अडचणी पुढील पिढ्यांसाठी खेळ झाल्या.

या दुर्गाच्या प्रसिद्ध पाडावांकडे पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्याचा कडा चढून, अंधारी जिंकून त्याला कोणी नमविले नाही. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामदेवरावाचे मुख्य सैन्य राजधानीपासून दूर होते. राजाने गडाचा आश्रय घेतला. घाईघाईने वर चढविलेल्या गोण्यांत धान्य आहे अशी समजूत होती. उघडून पाहतात तो त्यांत मीठ निघाले, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घातला. मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान आत होता. दाणागोटा संपला, रोगराई पसरली आणि जून महिन्यात किल्ला स्वाधीन करावा लागला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांच्या हाती आला, तोही तहाच्या कलमाने. डोंगर हरला नाही. डोंगरावरच्या माणसांची शिदोरी संपली. आजही भर उन्हात पाण्याशिवाय गड चढावयास निघणारे हौशी लोक अर्ध्या वाटेवर मटकन खाली बसतात, तेव्हा ते नकळत या इतिहासाची लहानशी उजळणीच करीत असतात.

परंतु या वाटेवर केवळ लढणारेच आले असे नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीची एक हकीकत फिरिश्त्याच्याच ग्रंथात आहे. दिल्लीचा सरदार अल्पखान गुजरातच्या पदच्युत करण राजाचा पाठलाग करीत या भागात आला होता. सैन्याला विश्रांती मिळावी म्हणून त्याने दोन दिवस मुक्काम केला. तेव्हा त्याच्या लष्करातील सुमारे तीनशे लोक परवानगी न घेताच वेरूळची लेणी पाहण्यासाठी बाहेर पडले. वाटेत त्यांची गाठ एका मराठी तुकडीशी पडली. ही तुकडी करण राजाची कन्या देवलदेवी हिला देवगिरीस घेऊन चालली होती. चकमक झाली आणि देवलदेवी दिल्लीकरांच्या हाती लागली. फिरिश्त्याने हे सुमारे तीनशे वर्षांनंतर लिहिले आणि देवलदेवीच्या कथेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि त्या कथेतील एक बारीक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. महिनोन्‌महिने घोड्यावर बसून थकलेल्या शिपायांना दोन दिवसांची उसंत मिळते, आणि ते राहुटीत लोळत पडण्याऐवजी डोंगरातली लेणी पाहावयास जातात! श्रमलेल्या माणसाला श्रमाचाच पण वेगळ्या जातीचा विसावा हवा असतो, हे फिरिश्त्याच्या वाचकांनाही स्वाभाविक वाटले असले पाहिजे. एरवी हा तपशील कथेत टिकला नसता.

यानंतर वीसएक वर्षांतच या रस्त्याने सक्तीची पावले पाहिली. इ.स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीचे नाव दौलताबाद ठेवून तिला राजधानीचा मान दिला आणि दिल्लीतील उमराव, विद्वान, सूफी अशा मातबर मंडळींना कुटुंबकबिल्यासह इकडे येण्यास भाग पाडले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो की, दिल्लीहून दौलताबादेस यावयास चाळीस दिवस लागत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशी झाडे लावलेली होती की, वाटसरूला आपण बागेतून चाललो आहोत असे वाटावे. ठिकठिकाणी मुक्कामाची सोयही होती. म्हणजे प्रवासाच्या सुखसोयी कमी नव्हत्या. परंतु चालणारांच्या मनात घर सुटल्याचे दुःख होते. शहर सोडण्यास असमर्थ असलेल्या एका आंधळ्याला फरफटत आणले आणि दौलताबादेत त्याचा केवळ पाय पोहोचला, ही भयंकर कथा इब्न बतूतानेच नोंदविली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो. सक्तीच्या वाटचालीविषयी लोकांच्या मनात केवढा संताप साचला होता, याची ती साक्ष आहे. सावली होती, पाणी होते, विसावे होते. इच्छा मात्र नव्हती. त्यामुळे बागेसारखा रस्ताही त्यांना स्मशानासारखा वाटला.

स्वतः इब्न बतूता १३४२ मध्ये चीनकडे वकील म्हणून निघाला असता दौलताबादेस आला. त्याच्या वेळी गडाच्या माथ्यावर चामड्याच्या शिडीने जावे लागे आणि रात्री ती शिडी वर ओढून घेत. गडावरच्या अंधारकोठड्यांत मांजरांपेक्षाही मोठे उंदीर होते आणि मांजरेच त्यांना भिऊन पळत, असेही तो लिहितो. तो येथे आपल्या कामासाठी आला होता; परंतु त्याचे वर्णन वाचताना कुतूहलाने चकाकणारे डोळे दिसतात. अवघड जागा पाहून ज्याचे मन मागे सरण्याऐवजी पुढे झेपावते, अशा जातीचा तो मनुष्य होता.

याच सुमाराची युरोपातील एक गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. दौलताबादेत दिल्लीकर नव्याने घरे मांडीत होते, त्याच काळी, १३३६ च्या एप्रिलमध्ये, इटालियन कवी पेत्रार्क हा फ्रान्सच्या दक्षिण भागातील व्हांतू नावाचा डोंगर चढला. हा डोंगर लहानपणापासून त्याच्या नजरेसमोर होता. उंची सहा हजार फुटांहून अधिक. बरोबर धाकटा भाऊ आणि दोन नोकर. वाटेत एका म्हाताऱ्या मेंढपाळाने त्यांना परतविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पन्नास वर्षांपूर्वी आपण वर गेलो आणि फाटके कपडे व पश्चात्ताप घेऊन खाली आलो, असे त्याने सांगितले. पेत्रार्कने ऐकले नाही. भाऊ सरळ चढत राहिला, कवी सोपी वाट शोधीत पुनःपुन्हा खाली घसरला. पण अखेर दोघेही माथ्यावर पोहोचले. एवढी उंच जागा पाहावी, याखेरीज आपला दुसरा हेतू नव्हता, असे त्याने पत्रात नमूद केले आहे. हे पत्र त्याने नंतर पुष्कळ सजविले असावे, असे पंडित म्हणतात. तरी युरोपातील गिर्यारोहणाचा इतिहास लिहिणारे बहुधा या पत्रापासूनच आरंभ करतात. त्यात लक्षात ठेवण्यासारखे हे की, पेत्रार्कने त्यासाठी परदेश गाठला नाही. बालपणापासून रोज दिसणारा डोंगर त्याने निवडला, आणि एका दिवसात चढून तो खाली आला.

महाराष्ट्रात डोंगराशी असे नाते जडविले ते संतांनी. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते. पैठणचा बालक एकनाथ गुरूच्या शोधात घर सोडून त्यांच्यापाशी आला. गुरूच्या सेवेबरोबर किल्ल्याच्या हिशेबाचे कामही त्याच्याकडे होते. एका पैच्या चुकीसाठी त्याने रात्र जागविली आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा मराठी घराघरांत सांगतात. दर गुरुवारी स्वामींच्या उपासनेसाठी गडावरच्या कचेरीस सुटी असे, असेही परंपरा सांगते. पुढे गुरूच्या आज्ञेने एकनाथांनी खुलदाबादजवळच्या शूलिभंजन डोंगरावर तप केले. आज तेथे दत्ताचे मंदिर आहे. या कथांचा भक्तिरस तर सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यांत आणखी एक सूत्र दडलेले आहे. किल्ल्यावरचे कारकुनी काम, आठवड्याची सुटी, आणि जवळच्याच डोंगरावरचा एकांत अशी ती जीवनाची मांडणी आहे. एका पैसाठी जागणाऱ्या मुलाला जो आनंद झाला, तो आयता मिळालेला नव्हता. रात्रभराच्या कष्टाने तो गोड झाला होता. डोंगराच्या माथ्यावरचा वारा गोड लागतो तोही याच कारणाने.

मोगल काळात या वाटेवर वर्दळ वाढली. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि शहरातून दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ असा फेरा हा पाहुण्यांच्या कार्यक्रमाचा भाग बनला. दख्खनचा सुभेदार म्हणून येथे वर्षानुवर्षे राहिलेल्या औरंगजेबानेही वेरूळची लेणी पाहून, खऱ्या कारागिराच्या म्हणजे ईश्वराच्या कारागिरीचा तो चमत्कार आहे, अशा आशयाचे उद्गार आपल्या पत्रात काढले आहेत. १६६७ च्या सुमारास तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी लेण्यांची कीर्ती ऐकून मुद्दाम औरंगाबादेहून वेरूळास गेला. त्याचाच देशबंधू ताव्हर्निये याने दौलताबादची एक मजेदार हकीकत दिली आहे. मोगलांच्या नोकरीतील एका डच गोलंदाजाला मायदेशी परतावयाचे होते. परंतु रजा मिळत नव्हती. तेव्हा गडाच्या माथ्यावर तोफ चढवून दाखविलीस तर तुला मोकळे करू, असे त्याला सांगण्यात आले. त्याने युक्तीने यंत्र रचून तोफ वर चढविली आणि आपली सुटका करून घेतली. आजचा प्रवासी त्या माथ्यावर रिकाम्या हाताने जाताना धापा टाकतो; मग त्या तोफेमागे किती खांदे झिजले असतील याची कल्पना करावी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांची भर पडली. कॅप्टन सीली या मुंबईच्या पलटणीतील अधिकाऱ्याने १८१० मध्ये मुंबईहून वेरूळपर्यंतचा दूरचा आणि त्या काळी धोक्याचा प्रवास केला आणि १८२४ मध्ये लंडनमध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या देशात पुढे १८५७ मध्ये आल्प्स चढणारांची मंडळी स्थापन झाली आणि डोंगर चढणे ही प्रतिष्ठेची करमणूक मानली जाऊ लागली. तेव्हापासून सुशिक्षितांची अशी समजूत झाली की, कष्टाची सहल ही कल्पना साहेबाने या देशात आणली. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल तर श्रावणातील एखाद्या शुक्रवारी रात्री पडेगावच्या रस्त्यावर उभे राहावे.

खुलदाबादेस भद्रा मारुतीचे स्थान आहे. येथील मारुतीची मूर्ती निद्रिस्त, म्हणजे आडवी आहे. श्रावणातील शनिवारी आणि हनुमान जयंतीस शहरातून हजारो माणसे रात्रीच पायी निघतात. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, मग किल्ल्याच्या सावलीतून घाट, आणि पहाटेस खुलदाबाद. कॉलेजातील मुले, दुकानातील नोकर, नवी लग्न झालेली जोडपी, साठी उलटलेल्या बाया, सारे एकाच ओळीत. कोणाच्या पायांत वहाण, कोणाचे पाय अनवाणी. वाटेत ठिकठिकाणी चहा आणि फराळ घेऊन लोक उभे असतात. ओळखदेख नसताना आग्रह होतो. पावसाची सर आली तर कोणी पळत नाही. घाटाच्या चढावर दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, आणि तरीही पुढच्या वर्षी येण्याचे वचन त्याच घाटात दिले जाते. यांतील प्रत्येकाने नवस केलेला असतो असेही नाही. कित्येक जण, विशेषतः तरुण मंडळी, मोकळ्या मनाने सांगतात की, मित्रांबरोबर रात्रभर चालण्याची मौज म्हणून आलो. देवाचे दर्शन आणि देहाचा पराक्रम यांची अशी गाठ मराठी माणसाने फार पूर्वीच घालून ठेवली आहे. पंढरीची वारी हे त्याचे थोर रूप. खुलदाबादची ही रात्र त्याचे घरगुती रूप. ज्या रस्त्याने तुघलकाच्या हुकमाने आलेली माणसे रडत आली, त्याच रस्त्याने ही माणसे हसत जातात. चालण्याचे श्रम दोघांनाही चुकले नाहीत. आपखुशीने निघालेल्याला ते हलके झाले, एवढाच काय तो भेद.

शरणापूरजवळच्या भांगसीमातेच्या गडाचेही असेच आहे. फार उंच नाही, इतिहासात फार गाजलेलाही नाही. कातळातील टाकी आणि माथ्यावरील देवीचे स्थान एवढेच त्याचे वैभव. परंतु नवरात्रात तेथे जी वर्दळ होते तिच्यात आयुष्यात दुसरा कोणताही डोंगर न चढलेल्या कित्येक गृहिणी असतात. कार्तिकातील आवळीभोजन, वनभोजन या चालींतही हेच शहाणपण होते. घरापासून फार दूर नसलेले रान, आवळ्याची सावली, डब्यातील पुरणपोळी, आणि जाण्यायेण्याचे चार मैल. आठवडाभर चुलीशी आणि वहीशी बांधलेल्या माणसांना पूर्वजांनी धर्माचे निमित्त करून घराबाहेर काढले. दौलताबादची सीताफळे पिकण्याचा हंगामही पावसाळा सरता सरता येतो. गड उतरून येणाऱ्याला पायथ्याशी फळांची टोपली दिसली की श्रमांचे पारितोषिक तेथल्या तेथे मिळते.

विसाव्या शतकाने सोयी आणल्या. शतकाच्या आरंभी मनमाडकडून लोहमार्ग आला, दौलताबादेस स्थानक झाले. १९१४ मध्ये निजामच्या राज्यात पुराणवस्तू खाते निघाले आणि गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली जुन्या वास्तूंची काळजी घेतली जाऊ लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शाळांच्या सहली देवगिरीस येऊ लागल्या. रांगेने चढणारी मुले, शिट्टी घेतलेले मास्तर, अंधारीत दिलेल्या आरोळ्या, माथ्याजवळच्या बारादरीत सोडलेले डबे, हे दृश्य मराठवाड्यातील किती तरी घरांच्या आठवणीत असेल. पुस्तकात दोन ओळींत वाचलेला रामदेवराव त्या दिवशी मुलांना खरा वाटू लागतो. कारण त्याच्या गडाचा चढ त्यांच्या पायांनी मोजलेला असतो.

आता मात्र थोडे कठोर बोलले पाहिजे. पडेगाव उपनगर झाले, रस्ते रुंद झाले, वाहने आली. पडेगावातून किल्ल्यापर्यंत मोटारीने पाव तासात जाता येते, हे वाईट नाही. वाईट हे की, त्या पाव तासातच सहल संपू लागली आहे. मोटार दाराशी थांबते, चाँदमिनारापुढे उभे राहून छायाचित्र निघते, आणि अंधारीच्या तोंडापर्यंतही न जाता मंडळी परततात. दुसरीकडे जे वर जातात त्यांतील काही जण भिंतीवर आपली नावे कोरतात, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या खंदकात भिरकावतात आणि वानरांना चिडवतात. पूर्वी शत्रूने किल्ल्याची जेवढी हानी केली नाही, तेवढी हौशी माणसाच्या हातून होते आहे. आणि शहराच्या कडेच्या टेकड्या? वस्ती वाढते तशी कोठे माती जाते, कोठे खडी जाते, कोठे जुनी झाडे जातात. किल्ल्याला कायद्याचे संरक्षण आहे. बिननावाच्या टेकडीला ते कोण देणार? ज्या टेकडीवर कोणी चढत नाही, तिच्याविषयी कोणाला हळहळही वाटत नाही, आणि म्हणून तीच प्रथम नाहीशी होते.

यावर उपाय मोठा खर्चाचा नाही. ज्या कुटुंबाने महिन्यातून एक दिवस जवळच्या चढणीसाठी राखून ठेवला, त्याने पुष्कळ साधले. पावसाळ्यात शूलिभंजनचे हिरवे पठार, थंडीत देवगिरी, एखाद्या सकाळी भांगसीमातेचा गड, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी साडेतीन हजार फूट उंचीवरील म्हैसमाळ. निघावे पहाटे, उन्हे तापण्यापूर्वी. पाणी आणि शिदोरी पुरेशी घ्यावी, कारण मिठाच्या गोण्यांची गोष्ट विसरण्यासारखी नाही. निसरड्या कड्याशी धाडस करू नये. जमेल तेवढेच चढावे, पण जमेल असे वाटते त्यापेक्षा थोडे अधिक चढून पाहावे. या ‘थोड्या अधिका’तच सारी मौज आहे. नेलेले सर्व परत आणावे. मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांना थकू द्यावे. थकून आलेले मूल त्या रात्री गाढ झोपते, आणि तो डोंगर जन्मभर त्याचा होतो.

देवगिरीच्या माथ्यावर संध्याकाळी उभे राहिले की एका बाजूस खुलदाबादच्या डोंगरांची रांग दिसते, पायथ्याशी तटांची वर्तुळे दिसतात, आणि पूर्वेकडे शहराचे दिवे एकेक करून लागू लागतात. त्या दिव्यांत पडेगावचे दिवे सर्वांत जवळचे. तेथील घरांच्या गच्चीवरूनही दिवसा पश्चिमेकडचे डोंगर दिसतात. यादवांनी हा गड लोकांना दूर ठेवण्यासाठी तासला, आणि सातशे वर्षांनी तो कोणालाही अडवीत नाही. वर जाण्यासाठी चामड्याची शिडी लागत नाही, बादशहाचा परवाना लागत नाही, रजेसाठी तोफही चढवावी लागत नाही. पाच मैलांची वाट, चार तासांचा वेळ आणि निघण्याची इच्छा, एवढे असले म्हणजे पुरे. दुरून साजरा दिसणारा हा डोंगर जवळ जाऊनही साजराच राहतो. मात्र ते पाहण्यासाठी पायथ्यावरून परत न फिरता माथा गाठला पाहिजे.